पांढऱ्यावरची सही

चौकोन. करंगळीच्या नखाएवढा. चारी बाजूंनी काळी बारीक रेघ, आणि रेघ तरी कशी, कोपऱ्यात कुठं पाझरलेली नाही, टेप लावून मारल्यासारखी. अशी रेघ मारायला ज्ञानूला कराडात उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं लागली होती. असे दोन चौकोन शेजारी शेजारी. एक येसचा, एक नोचा. तनू पेन धरून थांबलीय, तिच्या टोस्टचा चुरा फॉर्मवर पडलाय, आणि तो फुंकर मारतोय – एकदा, दोनदा – चुरा कधीच उडून गेला तरी.

"बाबा. नो ना?"

"परत वाच."

"वाचला ना मी. युद्धात किंवा पीसमध्ये तुम्ही कधी वॉर क्राइम्समध्ये इन्व्हॉल्व्ह होता का, किंवा तुमच्यावर तसा संशय होता का." तनूला हसू आलं. "आईला पण विचारायचं. ती पण फॉर्मवर आहे."

"लिही," यमुना सिंककडं तोंड करून म्हणाली. "नवऱ्याच्या डब्यात रोज कारलं घालते म्हणावं."

"ते मोजत नाहीत आई."

"मोजायला पाहिजे," ज्ञानू म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला बरोबर वाटला, रोजच्यासारखा. मग म्हणाला, "तो प्रश्न ठेव तसाच. संध्याकाळी बघू."

"अहो, त्यात बघायचंय काय? पाच वर्षं ह्या एका कागदासाठी काढली. शुक्रवारी पोस्टात पडला पाहिजे."

पडला पाहिजे. तो पडला की इंग्लंडात कायमचं राहायचं, तनूची शाळा इथंच, यमुनाची केअर होममधली नोकरी पक्की… आणि नाही पडला तर? किंवा पडला आणि तिकडं कुणीतरी चष्मा लावून त्या चौकोनापाशी थांबला तर? त्यानं डबा उचलला. कारलंच होतं.

स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधनं गाड्या रंगवायच्या बॉडीशॉपपर्यंत वीस मिनिटं चालत. रोज ह्या रस्त्यानं तो गाड्यांचे रंग बघत जातो, ह्याचं बॉनेट नंतर मारलंय, ह्याच्या दाराचा शेड जुळला नाही. आज पांढऱ्याच दिसायला लागल्या. पांढरी व्हॅन. पांढरी व्हॅन. पांढरा ट्रक – ह्या देशात पांढऱ्या व्हॅनना तोटा नाही, आज काय नवीन उगवल्यात थोड्याच – पण छातीत प्रत्येकीला एक ठोका जास्त पडतोय, आणि मी स्वतःला सांगतोय, ज्ञानू, तू काय केलंस? रंग दिलास. रंगाऱ्यानं रंग द्यायचा नाही तर काय द्यायचं?

सुदान. एल ओबेदचं यार्ड. मुंबईच्या एजंटानं पाठवलेलं, दोन हजार तीनच्या पावसाळ्यात. तिथं कसला पावसाळा म्हणा, दुपारी पत्र्यावर हात ठेवला की कातडी राहायची पत्र्याला. अकरा ट्रक आले होते. वाळूच्या रंगाचे, दारं ठोकरलेली. ठेकेदार म्हणाला, सगळं पांढरं कर. नंबर नको, नाव नको, रेघ नको. रिलीफच्या गाड्या आहेत, पाणी न् पीठ वाटायच्या. बरं बाबा. पांढरं तर पांढरं. पण पुट्टी भरताना बघितलं की दाराला भोकं आहेत, गोल, कडा बाहेर उमललेल्या, म्हणजे आतनं काहीतरी बाहेर गेलेलं. आणि मागं हौद्यात मधोमध ही जाड प्लेट, चार बोल्टांची, बंदूक रोवायची असते तशी. मी हसत विचारलं, शेठ, पाण्याच्या टाकीला एवढी प्लेट? पळून जातीय काय टाकी? तो नाही हसला. पेंट, म्हणाला. एकच शब्द.

आणि मी पेंट केलं. चांगलं केलं. तीन हात. कुठं ओघळ नाही, कुठं दाणा नाही.

आणि सही केली.

हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण शशिधर उस्ताद म्हणायचा, सही नसलेलं काम म्हणजे बेवारशी मढं, कुणी खांदा द्यायचं नाही. कराडातनं रंगून गेलेल्या प्रत्येक ट्रकच्या मागच्या फाळक्याला आतनं, बिजागरीच्या खाली, दोन बोटं उंचीचं नाव असायचंच. मालकाला दिसायचं नाही, दुसऱ्या पेंटरला बरोबर दिसायचं. नाव नको म्हणाला होता ठेकेदार. ते ह्याला थोडंच लागू? हे नाव म्हणजे… ही सवय होती. ज्ञानू पेंटर, कराड. निळ्यात. अकरा ट्रक, अकरा वेळा. अख्ख्या ट्रकवर दुसरं अक्षर नाही, आणि माझं तेवढं आहे.

बॉडीशॉपला पोचला तर आजचं काम फळ्यावर लिहिलेलं – व्हॅनचं मागचं दार. पांढरं.

तिकडं अबकर पाइप घेऊन गाडी धूत होता. सुदानातल्या दारफूरचा. तिशीचा असेल, उंच, गाड्या धुतो आणि चहात चार चमचे साखर टाकतो. कारलं खाणारा ह्या शॉपमधला दुसरा माणूस तोच. ज्ञानूच्या डब्यातलं अर्धं त्याच्याच पोटात जातं. आपलं कधी बोलत नाही. एकदाच बोलला होता. पांढरे ट्रक आले, बायांना वाटलं पीठ आलं, भांडी घेऊन धावल्या. आई चपळ होती, ती पुढं होती. तो टेकाडावर शेळ्यांपाशी. बस. एवढंच सांगून तो परत चाकं घासायला गेला होता, आणि ज्ञानू त्या दिवशी घरी जाऊन जेवला नव्हता. यमुनाला म्हणाला, पित्त झालंय.

आणि मग परवाचा शनिवार. लंडनच्या कसल्या मीटिंगमधनं अबकरनं एक कागद आणला. गावोगाव फिरून पुरावे गोळा करणारी माणसं असतात, त्यांचा. त्यावर फोटो, जळून सांगाडा झालेला ट्रक, फाळका उघडा पडलेला, आणि बिजागरीच्या खाली… "अंकल, ही तुमची अक्षरं ना, इंडियाची? काय लिहिलंय?" आणि मी कागद लांब धरला, जवळ धरला, म्हातारा झाल्याचं सोंग केलं आणि म्हणालो, नाही रे लागत. पुसट आहे.

पुसट नव्हतं. अर्धं जळलं होतं, पण उरलेलं स्वच्छ. 'नू'च्या उकाराचं शेपूट मी वर वळवतो, उस्तादासारखं. ते तसंच होतं, वर वळलेलं. आगीनंसुद्धा त्याला हात लावला नव्हता.

दाराला टेप लावायला घेतली. टेप वाकडी गेली. सोलून परत लावली. मास्क चढवला, मास्कच्या आत आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो, कुत्रा धापा टाकतो तसा. पांढरा फवारा दारावर बसायला लागला आणि ज्ञानूला वाटलं, आत्ता ह्याच्या खालनं भोकं दिसायला लागतील. नाही दिसली. व्हॅन फुलवाल्याची होती.

चहाच्या सुट्टीत अबकर दोन कप घेऊन आला. शेजारच्या उपड्या बादलीवर बसला.

"लेस्टरला माझा मित्र राहतो, त्याचा घरमालक गुजराती आहे. त्याला दाखवला फोटो," तो म्हणाला. "त्याला एक शब्द लागला. पेंटर. बाकी जळलंय म्हणाला."

"पेंटर," ज्ञानू म्हणाला.

"त्या लोकांना तो माणूस पाहिजे. पकडायला नाही. ट्रक कुणी दिले, न्यायला कोण आलं, त्यानं बघितलं असेल." कागद खिशातनं निघाला, प्लास्टिकमध्ये घातलेला, कडा चहानं पिवळ्या. "तुम्ही पण पेंटर. तुमच्याकडं सगळे असं नाव टाकतात?"

"टाकतात काही."

"हं." त्यानं बोटानं प्लास्टिक पुसलं. "एवढी वर्षं झाली. मेला असेल तो."

"नाही," ज्ञानू म्हणाला.

तोंडातनं गेलंच. चहा गरम होता म्हणून जीभ पोळली असं दाखवावं, असं मनात आलं, पण कप हातात तसाच राहिला. अबकर बघत होता. संशयानं नाही – तेच वाईट होतं – नुसता बघत होता, डब्याचं झाकण उघडायची वाट बघतो तसा.

"तुम्हाला काय माहीत?"

पलीकडं कुणीतरी हातोडा मारत होता. टण. टण. चौकोन अजून रिकामा आहे, ज्ञानूला आठवलं. यमुना आत्ता कुणाला तरी भरवत असेल. तनूची गणिताची परीक्षा… आणि ह्या सगळ्यात मधेच, न बोलावता, एक चेहरा यायला लागला. ट्रक न्यायला आला होता तो. एवढी वर्षं मी म्हणत आलोय की तो आठवत नाही, गॉगल होता, धूळ होती. गॉगल नव्हता. डावी भुवई मधनं कापलेली. रंग वाळलाय का बघायला त्यानं दाराला बोट लावलं होतं, ठसा उठला होता, आणि ज्ञानू 'काय राव' करत हसला होता आणि ठसा मिटवला होता. तोही हसला होता. दात बारके, पुढच्या दोनांत फट.

ज्ञानूनं डोळे मिटले. चेहरा गेला नाही. उलट एकेक हात चढत गेला, कपाळ, गालाची हाडं, वाळूत मिसळलेला तांबूस, त्यात जरासा काळा… हा शेड आपल्याला बरोबर जुळवता येईल, असं त्याच्या मनात आलं, आणि ते कळून त्यानं कप खाली ठेवला.

"अंकल?"

"थांब," तो म्हणाला. "थांब जरा. सांगतो."