कोपऱ्यांची तपासणी

गुरुजी, म्हाताऱ्याचं दुकान पालिकेनं पाडलं, पण त्याचा फोटो तुम्ही घालवलात. तुम्हीच ते, काळा टी-शर्ट घालून यूट्यूबवर लेन्सची उणीदुणी काढणारे.

म्हाताऱ्याच्या मुलानं महागडा फुल-फ्रेम कॅमेरा घेतला तो एकाच कामासाठी. रस्ता रुंद होणार होता, बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान जाणार होतं. त्याआधी कामात गढलेले बाबा टिपायचे होते. दुकान चिंचोळं, सायकल आत शिरली की गिऱ्हाईक बाहेर. अख्खं दुकानही मावावं आणि ग्रीसनं काळी झालेली बोटंही जवळून दिसावीत, म्हणून झूम लेन्स. संपला विषय! पण तुम्ही संपू द्याल तर ना. चोवीस-सत्तर मिलिमीटरची जड, चोवीस-एकशेपाचची अंधारात लंगडी, तिसरीत फोटोचे कोपरे धूसर. वर सल्ला, थांबा, नवी येतेय. तो थांबला. पालिका कशाला थांबतेय?

"अहो, मला एका भेटीत हो म्हणालात," बायको म्हणाली, "आणि या नळकांड्यासाठी एवढा घोळ?"

"तेव्हा सल्ला द्यायला कुणी नव्हतं," तो बोलून गेला, आणि नंतर आपल्या हातानं वाढून जेवला.

शेवटच्या दिवशी त्यानं दोन लेन्स भाड्यानं आणल्या. बाबा जन्मात पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून कामाला बसले होते.

"या फोटोसाहेब, आत या. चाकाचा आऊट काढतोय."

"आलोच बाबा. आधी लेन्स तपासतो."

तुमचाच मंत्र, गुरुजी: विटांची भिंत गाठा, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवा, फोटो मोठा करून चारही कोपरे बघा. भिंत शोधायला लांब जावं लागलं नाही, दुकानाचीच होती. तो बाहेरून विटा टिपत राहिला. ही लेन्स, ती लेन्स, पुन्हा ही. आत चाक सरळ झालं, गिऱ्हाईक सायकल घेऊन गेलं. बाबांनी दोनदा हाक मारली. आणि पाडणारे आले, तेही वेळेआधी! सरकारी माणूस उभ्या आयुष्यात एकदा लवकर आला, तो नेमका त्या दिवशी.

संध्याकाळी बाबांनी कॅमेऱ्यात सगळे फोटो पाहिले.

"विटा झकास आल्यात रे. मी कुठाय?"

"आत होतात, बाबा."

बाबांनी कॅमेरा खाली ठेवला आणि शर्टाची बटणं काढायला घेतली.

त्यानं तुमच्या व्हिडिओखाली विचारलंय: बाबा या भिंतीपलीकडे आहेत, कुठल्या लेन्सनं दिसतील? तुम्ही त्यावर लाल बदाम चिकटवलात. बदाम नको, गुरुजी. उत्तर द्या.