बाईसाहेबांची उभी पेटी

मामांना सगळेच मामा म्हणत. भाची म्हणे ती नात्याने, हाताखालचे सुतार म्हणत ते सवयीने, आणि गिऱ्हाइकं म्हणत ती प्रेमाने, असा मामांचा समज होता. एखाद्याला फसवलं की त्याचा मामा केला असंही म्हणतात, हे त्यांना माहीत होतं, पण ते आपल्याला लागू असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

लोकांची घरं आतून सजवून द्यायची हा त्यांचा धंदा. त्यांनी सजवलेली खोली फोटोत अशी खुले, की पुढे त्यात माणसं येऊन बसली की तीच अडगळ वाटायची.

भाचीला परगावी नोकरी लागली. भाड्याच्या खोलीत मांजरसुद्धा चालणार नाही, असं तिथल्या मालकिणीने बजावलं होतं, आणि भाचीकडे तर टॅरँट्युला जातीची कोळीण होती. तळहाताएवढी, काळी, केसाळ, आठही पायांची टोकं मात्र नखांना रंग लावल्यासारखी गुलाबी. त्या टोकांमुळे घरात तिला बाईसाहेब म्हणत. प्लॅस्टिकच्या बरणीत घालून भाचीने तिला मामांच्या टेबलावर आणून ठेवलं.

"मामा, हिला बरणी पुरत नाही आता. एक नीट घर कर तिला. झाडावर राहणारी जात आहे, एवढं लक्षात ठेव."

"चावते का गं?" मामींनी लांबूनच विचारलं.

"सहसा नाही. आणि चावली तरी माणूस मरत नाही मामी, नुसता बोंबलतो."

मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. 'घर कर' एवढं ऐकलं होतं आणि स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली होती.

दुसऱ्याच दिवशी ते पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने समोरून दार उघडणारी एक उंच, अरुंद पेटी दाखवली. मामांनी ती बोटाने वाजवून पाहिली आणि नाक मुरडलं. दिवाणखान्यातल्या बुटक्या, लांबलचक कपाटावर ती इमारतीच्या डोक्यावरच्या पाण्याच्या टाकीसारखी दिसली असती. त्यांनी माशांसाठी असते तशी आडवी काचेची पेटी निवडली, वरून झाकण उघडणारी. दुकानदार म्हणाला, "साहेब, झाडावरच्या जातीला उंची लागते." मामा म्हणाले, "उंचीचा आभास निर्माण करता येतो." दुकानदाराने पेटी बांधून दिली.

मग मामांनी जीव ओतला. तळाशी पांढरी वाळू पसरली, एक दगडी कमान उभी केली, कोपऱ्यात पिवळा दिवा असा लपवला की प्रकाश दिसावा, दिवा दिसू नये. भाचीने झाडाचं सांगितलं होतं, म्हणून मधोमध एक वीतभर प्लॅस्टिकचं झाडही रोवलं. बाईसाहेबांना आत सोडून त्यांनी फोटो काढला आणि भाचीला पाठवला.

भाचीचं उत्तर आलं, "छान आहे मामा. ती कुठाय?"

ती वरच्या कोपऱ्यात होती. दिव्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन, झाकणाला चिकटून, सगळ्या देखाव्याकडे पाठ करून बसली होती. तिथेच तिने थोडं जाळं विणलं. मामांनी वाटीत पाणी घालायला झाकण उचललं तसं जाळं टराटरा फाटलं. तिने पुन्हा विणलं, मामांनी पुन्हा उचललं. मामांना वाटलं, नवीन जागा आहे, रुळेल हळूहळू. गिऱ्हाइकांनाही ते हेच सांगत.

खायला सोडलेल्या रातकिड्याला बाईसाहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रातकिडा मात्र कमानीखालून जाई, झाडाला वळसा घाली, दिव्याखाली थांबून मिशा हलवी.

"अहो," मामी म्हणाल्या, "घर आवडलंय हो. रातकिड्याला."

आठवडा उलटला तरी बाईसाहेब उपाशीच. पोट बारीक दिसायला लागलं तशी मामांची झोप उडाली. भाचीच्या जिवाभावाचं जनावर आपल्या कलेपायी मेलं तर तिला तोंड कसं दाखवणार? शेवटी त्यांनी फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खरं काय ते सांगितलं.

भाची चिडली नाही. त्यामुळे मामांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

"मामा, ती जमिनीवर उतरत नाही रे. सगळ्यात वर जाऊन घर विणते, आणि तुझं दार नेमकं तिथेच. म्हणजे रोज कोणीतरी येऊन तुझ्या घराचं छप्पर उचलून बघतंय, असं समज."

"मग दुसरी पेटी आणू?"

"कशाला? हीच उभी कर. झाकणाची बाजू समोर येईल, तिथे दार बसव. दाराला खाली आणि वर भोकं पाड म्हणजे हवा खेळेल. जाळी लावू नको, पाय अडकतात. वाळू काढ, ओलसर माती घाल. कमान काढ. दिवा काढ."

"दिवापण?"

"मामा, तिला उजेड आवडत नाही."

फोन ठेवून मामा पेटीसमोर बसले. आजवर गिऱ्हाइकं तोंडावर 'वा वा' करत आली होती. पण सहज म्हणून कुणाकडे डोकावलं की मामांनी मोकळ्या सोडलेल्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड उभा दिसे, दिव्यावर टॉवेल टाकलेला दिसे. मामा म्हणत, लोकांना दृष्टीच नाही. बाईसाहेबांना तर आठ डोळे, म्हणजे सहा दृष्टी जास्तच होत्या, भीड मात्र अजिबात नव्हती. घर पटलं नाही तर सरळ उपाशी बसायचं.

आधी तिला बरणीत हलवायला हवं होतं. मामांनी रंगाचा मऊ ब्रश घेतला, बरणी पुढे धरली आणि तिला मागून हळूच ढोसलं. ती पुढे जाईल असा त्यांचा आराखडा होता. ती मागे वळली, ब्रशवरून धावली, बाहीवर उडी मारून दंडावरून थेट खांद्यावर जाऊन बसली, आणि तिथून मामांच्या इस्त्रीच्या शर्टावर विष्ठेची एक पांढरी पिचकारी मारली.

मामा पुतळ्यासारखे उभे राहिले. "अगं," ते ओठ न हलवता म्हणाले, "जरा येतेस का?"

मामी आल्या. त्यांनी शांतपणे मामांच्या खांद्यापुढे बरणी धरली आणि दुसऱ्या हाताने मागून आडोसा केला. बाईसाहेब घरच्यासारख्या आत चालत गेल्या.

"तुला भीती नाही वाटली?" मामांनी विचारलं.

"वाटली ना. पण तुमचा चेहरा बघून तिलाच जास्त भीती वाटत असेल म्हटलं."

मग काम सुरू झालं. दारासाठी ॲक्रिलिकचा तुकडा कापला. भोकं पाडताना मामांनी घाई केली आणि तो उभा तडकला. दुसरा तुकडा त्यांनी लाकडाच्या फळीवर दाबून धरला आणि ड्रिल हळू चालवलं. पेटी उभी केल्यावर समोर, खालच्या बाजूला एक आडवी पट्टी सिलिकॉनने चिकटवली, म्हणजे दार उघडलं तरी माती बाहेर येणार नाही. पट्टीच्या वर बिजागऱ्या लावून दार बसवलं, बाहेरून कडी घातली. सिलिकॉनचा वास जाईपर्यंत पेटी गॅलरीत उघडी ठेवली. एवढा वेळ कुठल्याही कामात थांबायची त्यांना सवय नव्हती. आत ओलसर माती, पाण्याची वाटी, आणि भाचीने कुरिअरने पाठवलेली बुचाची पोकळ साल उभी टेकवलेली. वरच्या बाजूला आडोसा म्हणून खोट्या वेलाची पानं.

पेटी त्या बुटक्या कपाटावर ठेवली. पाण्याच्या टाकीसारखीच दिसत होती.

बाईसाहेब सालीवरून तडक वर गेल्या आणि पानांत दिसेनाशा झाल्या. हळूहळू सालीच्या तोंडापासून पानांपर्यंत एक पांढरीशुभ्र नळी विणली गेली. दार उघडलं तरी ती फाटत नव्हती. एका संध्याकाळी मामांनी चिमट्याने रातकिडा नळीच्या तोंडाशी सोडला. आतून काहीतरी सपकन आलं, आणि रातकिडा उरला नाही. मामांच्या हातातून चिमटा पडला. आनंदाने, असं ते म्हणतात. मामी म्हणतात, घाबरून.

आता घरी कुणी आलं की मामा त्यांना पेटीसमोर नेतात. त्यांना दिसते ती माती, साल आणि पानं. "आत राहतायत," मामा हळू आवाजात सांगतात. पाहुणे मामींकडे बघतात. मामी मान हलवतात, की हो, राहतायत.

परवा मामांच्या लक्षात आलं, उजवीकडचं एक पान वाकडं बसलंय. नळीच्या एका धाग्याने ते खाली ओढलं गेलं होतं आणि सगळी रचना त्यामुळे बिघडत होती. मामांनी कडी काढली, दार उघडलं, हात आत घातला. चिमटीत पान जवळजवळ आलंच होतं. मग त्यांनी हात बाहेर घेतला आणि कडी लावली.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले. "तिने तसंच लावलंय."