पाचव्या खांबाचं खोकं

सुनेने तळघरातल्या मधल्या खोक्याची फळी उचकटली आणि आत खांब नव्हता. असं काहीही झालेलं नाही. फळी जागच्या जागी आहे, स्क्रू घट्ट आहेत, आणि घरात कुणालाही विचारा, तिथे लोखंडी खांब आहे. तेव्हा आपण सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी तिचा नवरा तळघरात टेप धरून उभा होता. टेपचं एक टोक भिंतीला, दुसरं हवेत, आणि मध्ये आडवं आलेलं चौकोनी खोकं. घराचा भार पेलणारे लोखंडी खांब उघडे दिसू नयेत म्हणून मिस्त्रीने प्रत्येकाभोवती प्लायवूड बसवलं होतं. काम सुबक होतं. फक्त खोकी पाच झाली होती.

"आधी किती खांब होते?"

"मी नाही मोजले," सून म्हणाली. "येता-जाता खांब कोण मोजतं?"

नकाशात तीन होते. तिला चार आठवत होते. नवऱ्याने कामाआधीचे फोटो काढून पाहिले, तर प्रत्येक फोटोत मिस्त्री मध्येच हसत उभा.

मिस्त्रीला बोलावलं. तो आला, पाचही खोक्यांकडे पाहुण्यासारखा बघत राहिला.

"साहेब, खांब मी कशाला वाढवू? मी सुतार आहे, माळी नाही."

"मग यातलं रिकामं कुठलं?"

"ठोकून बघा की."

नवऱ्याने पाचही ठोकली. पाचांचा आवाज एकच.

"पोकळ वाजू नये म्हणून आत चिंध्या कोंबतो आम्ही," मिस्त्री अभिमानाने म्हणाला. "वडिलांपासूनची पद्धत आहे."

मग लोहचुंबक आणलं. तेही पाचही खोक्यांना चिकटलं, कारण स्क्रू लोखंडी. नंतर ते मिस्त्रीच्या खिशालाही चिकटलं, पण त्यावरून कुणी काही निष्कर्ष काढला नाही.

हे सगळं सासरे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून पाहत होते. त्यांची वरच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली मुलाला ऑफिसच्या कामासाठी हवी होती, आणि ते तळघरात राहायला येणार होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते "छान" म्हणाले होते. चारदा म्हणाले होते. अट एकच: पलंग माझाच हवा. तो पलंग म्हणजे साडेसहा फुटी धूड. मधलं खोकं नसतं तर बसला असता. आता तो कुठूनही, कसाही फिरवला तरी बसत नव्हता.

"बाबा, तीन दिवस तुम्ही मिस्त्रीच्या डोक्यावर बसून होतात. खांब किती होते?" नवऱ्याने विचारलं.

"मोजणी माझ्याकडे नव्हती." सासऱ्यांनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. "मी आलेलं घेतो, गेलेलं लिहितो."

"अहो, अंदाजे तरी?"

"भाराच्या बाबतीत अंदाज नको रे. घर आहे, तंबू नव्हे."

मिस्त्रीने मान डोलावली. जरा जास्तच वेळ डोलावली.

"ठरलं," नवरा म्हणाला. "उद्या मधलं फोडू. खांब निघाला तर परत बंद. नाही निघाला तर पलंग तिथेच." त्याची मीटिंग होती. लॅपटॉप बगलेत मारून तो स्वयंपाकघरात गेला, कारण सध्या ऑफिस तिथेच होतं.

सासरे खिडकीपाशी गेले. तळघराला एकच खिडकी, छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरची माणसं घोट्यापर्यंत दिसत.

"बघ, तपकिरी बूट. कोण असेल गं?"

"काय माहीत, बाबा."

"वरून कळलं असतं," ते म्हणाले, आणि आडवं व्हायला वर गेले. जिना त्यांनी भरभर चढला.

सव्वातीनला सून पाना-पेचकस घेऊन खाली उतरली. चार स्क्रू काढले, फळी उचकटली. आत चिंध्या, त्यांच्यामागे चिंध्या. तिने खांद्यापर्यंत हात घातला. बोटं पलीकडच्या फळीला टेकली. हात बाहेर काढताना एक चौकड्यांचा शर्ट सोबत आला. जो हरवला म्हणून सासरे चार दिवस इस्त्रीवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते, तोच. खिशाचं बटण लावलेलं होतं. आत घडी घातलेला कागद.

तिने तो उभ्याने वाचला. मग फरशीवर बसून परत वाचला.

"खाली काय खुडबुड चाललीय?" वरून नवरा ओरडला.

तिने कागद होता तसा घडी केला, खिशात ठेवला, बटण लावलं. शर्ट आत, चिंध्या आत, फळी वर.

"मधल्यात खांब आहे," तिने सांगितलं. "मी बघितला."

"नक्की?"

"हात लावला. गार आहे."

"मग पलंग कसा बसणार?"

"पलंग राहू दे वरच. तुझं टेबल बसतंय इथे. माप घेतलंय मी."

तिने शेवटचा स्क्रू पिळला. कागदावर तारीख आणि जावक क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

प्रति,
खोके उघडणारे सन्माननीय सदस्य

विषय : खोके न उघडणेबाबत.

आत खांब नाही याची अर्जदारास कल्पना आहे. अर्जदारास वरच राहावयाचे आहे, परंतु तसे तोंडी सांगणे जमले नाही. सबब, सदर खोके कोणीही उघडून पाहू नये, ही नम्र विनंती.