बाकाचे मालक

मतीन पिंजारीचं कराडात, बसस्टँडमागच्या गल्लीत, गाद्यांचं दुकान. कापूस पिंजून पोट भरणाऱ्या ह्या गड्याला वेड मात्र लोखंडाचं. लष्कराच्या लिलावातून दोन-तीन हात फिरून आलेली एक जुनी चार सिलिंडरची जिप्सी त्याच्या दारात उभी असायची. गिऱ्हाईक आत उशी दाबून बघत असलं तरी मतीनचं अर्धं लक्ष बाहेर, कुणी गाडीला टेकून तर उभं राहत नाही ना, इकडे.

आली तेव्हा ती अगदी साधी होती. हिरवट रंग, बारके टायर, ताडपत्रीचं हूड आणि मागच्या बाजूला समोरासमोर दोन लांब बाकं. मतीनने तिला हळूहळू नटवायला घेतलं. आधी टायर बदलले. ट्रॅक्टरला लाजवतील असले जाडजूड आणले. ते मडगार्डात मावेनात, म्हणून स्प्रिंगा बदलून गाडी वीतभर वर उचलली. गाडी उंच झाल्यावर पुढचा बंपर बारका दिसायला लागला, म्हणून लोखंडी बंपर आला. बंपर आला तसं त्याच्यावर विंच आलं. म्हणजे गाडी चिखलात रुतली तर पुढच्या झाडाला तार बांधून स्वतःच स्वतःला ओढून काढायचं यंत्र. नदीतून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून काचेशेजारून टपापर्यंत गेलेलं काळं नळकांडं. टपावर दिव्यांची पट्टी. हूड गेलं, फायबरचं टप आलं. बाकं गेली आणि तिथे फावडं, कुऱ्हाड आणि पाण्याचे कॅन आले. कुऱ्हाडीला अजून लेबल तसंच होतं.

मतीनची बायको नूरीन ह्या गाडीत बसायची बंद झाली, कारण चढायला स्टूल लागायचं. भर बाजारात नवऱ्याने स्टूल मांडायचं आणि आपण त्याच्यावरून साडी सावरत माळ्यावर चढल्यासारखं चढायचं, हे तिला पटणारं नव्हतं. ती सरळ रिक्षाने जायची.

गाडीतून निघालेलं जुनं सामान मतीन घरी आणून मागच्या खोलीत कापसाच्या गाठींच्या पलीकडे रचून ठेवायचा. आपण ते सांभाळून ठेवलंय, ह्याचा त्याला अभिमान होता.

एका दुपारी गाडीचा मेकॅनिक अजहर दुकानात आला, गादीवर टेकला आणि म्हणाला, "मतीनभाई, पासिंग आलं की तुमचं. परवाची तारीख मिळालीय."

जुन्या गाडीचा कागद पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. मागच्या खेपेला गाडी साधीच होती, त्यामुळे अडलं नव्हतं.

"मग दाखवू की गाडी," मतीन म्हणाला.

"ही? ही बघून साहेब तुमालाच आत बसवून घेतील. कागदावर जशी हाय तशी गाडी पायजे. टायर, हूड, बाकं, सगळं मूळचं. आज माझ्याकडं आणा, स्प्रिंगा, विंच, बंपर, टप, नळकांडं, दिवे सगळं मी उतरवतो. जुन्या स्प्रिंगा आन् बंपर माझ्याचकडं पडून हायेत. बाकीचं कुठं हाय?"

"घरात. सगळं जपून ठेवलंय."

संध्याकाळी मतीनने कापसाच्या गाठी बाजूला सारल्या. गाठींच्या पलीकडे भिंत होती आणि भिंतीपाशी आणखी कापूस होता.

"नूरीन," तो खोलीतूनच म्हणाला, "हूड कुठं हाय?"

नूरीन भाकरी थापत होती. "सुमैराआपांना दिलं. कोंबड्यांना ऊन लागत होतं."

"आन् टायर?"

"तासगावच्या सिद्धूला. बेंजोवाला न्हाई का, गाद्या न्यायला आला होता. ट्रॉलीला चाकं न्हाईत म्हणून रडत होता."

मतीन बाहेर आला आणि उंबऱ्यावर बसला. "बाकं?"

नूरीनने भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली. "ती कवठ्याला गेली. आमच्या कोंडीबामामांकडं."

नूरीनचं माहेर कवठे महांकाळचं. कोंडीबा धनगर त्यांच्या रानाशेजारचा म्हातारा. आयुष्यभर मेंढरांमागे फिरून आता कंबरेने बसवलेला.

"मला विचारायचं तरी," मतीन म्हणाला.

"तुमी ते टायर आणताना मला विचारलं होतं?"

कोण कुठे राहतं, कुणाशी काय बोलायचं, हे सगळं नूरीनलाच ठाऊक असल्यामुळे तिला बरोबर घेणं भाग होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी, कितीतरी दिवसांनी, ती जिप्सीत बसली. अजहरने गाडी खाली उतरवली होती, तरी एक हात मतीनला द्यावाच लागला.

हूड मिळायला अडचण आली नाही. सुमैरा मतीनची थोरली बहीण, शेजारच्याच आळीत. तिने कोंबड्या हुसकल्या, हूड झटकलं आणि एवढंच विचारलं, "परत कवा आणून देणार?" हूडला वास होता, पण तो वाऱ्याने जाईल असं ठरवून दोघं तासगावच्या रस्त्याला लागली.

गाडी खाली आली होती आणि टायर मात्र अजून मोठेच होते, त्यामुळे प्रत्येक वळणावर ते मडगार्डला घासून असा आवाज करत, की रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन वळून बघत. मतीन स्टिअरिंगवर झुकून दर वळणाला डोळे मिटल्यासारखं करायचा.

"डोळं उघडं ठेवा," नूरीन म्हणाली. "टायर घासला तर घासला."

सिद्धूच्या अंगणात बेंजोची ट्रॉली सजवून उभी होती. खाली जनरेटर, वर कर्ण्यांची उतरंड, मध्ये बेंजोवाल्याची खुर्ची आणि ह्या सगळ्याच्या खाली जिप्सीची चारी जुनी चाकं, त्यांच्या वाट्यांना चांदीचा रंग दिलेला.

"वैनी, उद्या वरातीची सुपारी हाय," सिद्धू काकुळतीला येऊन म्हणाला. "चाकं दिली तर मी काय खांद्यावर नेऊ ट्रॉली?"

मतीन विनवायला सुरुवात करणार, तेवढ्यात नूरीन म्हणाली, "चाकं तर देतोच हाय आमी. ही घे."

तिने जिप्सीच्या जाड टायरांकडे बोट केलं. मतीनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण सिद्धू तोवर टायराभोवती फिरून आला होता, खाली वाकून नक्षी बघून आला होता आणि घरातून जॅक आणायला गेलाही होता. जुनी काय आणि जाड काय, दोन्ही चाकं जिप्सीच्याच मापाची, ट्रॉलीलाही तशीच बसणारी. अडायचं कारणच नव्हतं.

तासाभरात अदलाबदल झाली. ट्रॉली एकदम मांडीएवढी उंच झाली आणि बेंजोवाल्याची खुर्ची घराच्या पत्र्याला लागली. सिद्धू लांब जाऊन तिच्याकडे बघत राहिला. "वरातीत नवरदेवाकडं कोण बघायचं न्हाई आता," तो म्हणाला. जिप्सी मात्र एवढीशी झाली. अंगणातल्या पोरांनी विचारलं, मोठी गाडी कुठे गेली.

मणेराजुरीच्या पुढे, कवठे महांकाळच्या रस्त्याला, मतीन म्हणाला, "हलकी पळतीय." नूरीनने ऐकलं नसल्यासारखं केलं.

कोंडीबाच्या दारात लिंबाखाली ती दोन बाकं होती. गाडीत होती तशीच, समोरासमोर. एकावर कोंडीबा पाय लांब सोडून बसला होता, दुसऱ्यावर त्याची बायको धोंडुबाई शेंगा फोडत होती. नूरीनने चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं काढलं, मग हळूच विषय सांगितला.

कोंडीबाने सगळं ऐकून घेतलं. "बाक न्या," तो म्हणाला. "पर मी संगं येणार."

"मामा, तुमी कशाला तरास घेताय? दोन दिवसांत परत आणतो."

"पोरी, माझी कंबर जगात ह्या एकाच ठिकाणी गप बसती. डॉक्टर झालं, मिरजेला दाखवून झालं, मालिश झालं. ह्या बाकावर बसलो आन् थांबली. बाक जाईल तिकडं मी."

मतीनने धोंडुबाईकडे बघितलं. त्याला वाटलं ती तरी अडवेल.

"न्या की," धोंडुबाई म्हणाली. "दोन दीस मला बी जरा आराम."

बाकं बसवायला कोंडीबाला उठावं लागलं तेवढाच तो उठला. बोल्ट आवळून होताच मागून चढून तो आपल्या जागी बसला आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. कराड येईपर्यंत त्याने गाडीला दोन नावं ठेवली: एक, की हूडला कोंबडीचा वास येतो, आणि दुसरं, की आपल्या दारात बाकं इतकी हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासिंगच्या मैदानात गाड्यांची रांग लागली होती. अजहरने जिप्सी धुऊन पुसून आणली होती. मतीनने कोंडीबाला खाली उतरून झाडाच्या सावलीला बसायची विनंती करून बघितली. कोंडीबाने सावलीकडे बघितलं, बाक चाचपलं आणि जागा सोडली नाही.

साहेब तरुण होते, कागद लावलेला पुठ्ठा हातात धरून गाडीभोवती फिरत होते. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, दिवे, हॉर्न. मग त्यांनी मागचं हूड वर केलं आणि आतून कोंडीबाने रामराम घातला.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

मतीन घाईघाईने पुढे आला. "पाव्हणे हायेत."

"आपण गाडीचे मालक का?" साहेबांनी कोंडीबालाच विचारलं.

"न्हाई जी. गाडीचा मालक त्यो. मी बाकाचा."

साहेबांनी मतीनकडे बघितलं. मतीन हूडाची शिवण बघायला लागला.

"बाकं मूळचीच आहेत ना?" साहेब म्हणाले.

"मूळचीच तर," कोंडीबा आत्मविश्वासाने म्हणाला. "माझ्या दारात तीन पावसाळं काढलं, पर एक खिळा हलला न्हाई. ह्यांनी इचारली म्हणून आणली. आजच्यापुरती."

अजहरने खोकल्याचा आव आणला. नूरीनने पदर तोंडाशी धरला. ती रडकुंडीला आलीय की हसतीय हे मतीनला कळेना. साहेबांनी कागद पुन्हा वाचला, वाकून बाकांचे बोल्ट बघितले, मग हूडला नाक लावून थोडा वेळ विचार केला.

"कागदावर बाकं आहेत आणि गाडीतही बाकं आहेत," ते शेवटी म्हणाले. "आजोबांबद्दल कागदावर काही लिहिलेलं नाही. पण एक सांगतो. आज दिसते आहे तशीच ठेवा. रस्त्यात कुठे वेगळी दिसली तर मीच थांबवीन." आणि त्यांनी सही केली.

बाकं परत द्यायला मतीन, नूरीन आणि कोंडीबा दुपारी कवठ्याला पोचले, तर धोंडुबाई भाकरीचं गठुडं बांधून दारात उभी. मुलगा सूरज मेंढरं घेऊन पवनचक्क्यांच्या माळावर होता. सकाळी तिथेच दोन मेंढ्या व्याल्या होत्या. कोकरांना चालत आणणं शक्य नव्हतं, आणि सूरजला मेंढरं सोडून येता येत नव्हतं.

"गाडी आलीच हाय तर चला की," धोंडुबाई म्हणाली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा.

"तिकडं रस्ता हाय का?" मतीनने विचारलं.

"वड्यातनं जायचं," कोंडीबा म्हणाला, "मग वर."

आता खरं सांगायचं तर मतीनने जिप्सी कधी डांबरावरून खाली उतरवलीच नव्हती. रंगाला चरा पडेल, नवीन टायरला काटा लागेल, बंपरला चिखल लागेल, असं करता करता सगळी वर्षं गेली होती. महिन्यातून एकदा हायवेने पेठनाक्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढाच तिचा प्रवास. गिअरशेजारचा तो छोटा दांडा, जो ओढला की चारी चाकं फिरायला लागतात, तो मतीनने रोज पुसला होता. ओढला नव्हता.

ओढ्याच्या काठावर येऊन त्याने गाडी थांबवली. उतार, त्याच्या खाली ओली वाळू, पलीकडे मुरमाड चढ आणि दोन्ही बाजूंनी बाभळी.

"विंच पण काढलंय," तो कुणालाच उद्देशून नाही असा म्हणाला.

"मामा, हितनं काय जातं?" नूरीनने मागे वळून विचारलं.

"बैलगाडी जाती. परवा माझ्या जावयाची मोटरसायकल गेली."

मतीनने दांडा ओढला. गाडीखालून खट असा आवाज आला. तो खाली उतरला, चाकं बघितली, परत बसला आणि क्लचवरचा पाय हळूहळू सोडत गाडी उतारावर घातली. वाळूत पुढची चाकं जरा भुसभुसली, गाडी एका अंगाला कलली, धोंडुबाईने कोंडीबाचा हात धरला आणि कोंडीबाने धोंडुबाईचं गठुडं. मग इंजिनाने खोल आवाज काढला आणि गाडी एखादं ओझं पाठीवर घेतलेल्या माणसासारखी, दमाने, न थांबता, पलीकडचा चढ चढून वर आली. वाटेत बाभळीची एक फांदी उजव्या अंगावरून करकरत शेवटपर्यंत गेली. मतीनने ती ऐकली. पण त्याचे दोन्ही हात कामात होते.

माळावर सूरज वाट बघत उभा होता. एक कोकरू धोंडुबाईने घेतलं, दुसरं नूरीनच्या मांडीवर आलं, दोन्ही मेंढ्या बाकांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि एकीने लगेच गाडीत जे करायचं ते केलं. मतीनने ते बघितलं. त्याने सूरजला विचारलं, ओढ्याला ह्याच्याहून वरच्या अंगाला वाट आहे का.

"हाय, पर लय वाईट हाय," सूरज म्हणाला.

ते त्या वाटेने आले. मध्ये एकदा रुतले. कोंडीबाने हाक मारून पलीकडच्या रानातली माणसं बोलावली आणि सगळ्यांनी मिळून गाडी ढकलून काढली. मतीनच्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत चिखल होता. कोंडीबाच्या दारात आल्यावर त्याने उजवी बाजू बघितली. पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत एक लांबच लांब चरा होता. नूरीन कोकरू मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, काय होतंय ते बघत.

मतीनने चऱ्यावरून बोट फिरवलं. मग पलीकडच्या अंगाला गेला, ती बाजूही बघितली.

"मामा," तो म्हणाला, "उद्या मेंढरं कुठं जाणार हायेत?"

"डोंगराच्या मागं. तिकडं वाट बी न्हाई."

मतीनने पाना हातात घेतला होता, बाकं उतरवायला. तो त्याने परत पेटीत ठेवला. नूरीन गाडीतून खाली उतरली, कुणाचा हात न घेता, आणि कोकराला धोंडुबाईकडे देऊन म्हणाली, "मग उद्या डबा करावा लागंल. मामी, पीठ हाय न्हवं घरात?"