हात लावू नये: एका बास-प्रीअँपची कैफियत

मी एक जुना प्रीअँप आहे. मित्रांनो, हा शब्द तुम्ही कधी ऐकला नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही. ज्या घरात मी एकोणीस वर्षं काढली, तिथे येणारे-जाणारेही मला ‘तो डबा’ म्हणतात. एका मावशींनी तर माझ्यावर चहाचं गरम पातेलं ठेवलं होतं. त्याचा गोल डाग अजून माझ्या पाठीवर आहे आणि मावशींना मी अजून माफ केलेलं नाही.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. बास गिटार नावाचं एक वाद्य असतं, चार जाड तारांचं. गाण्यात ते पुढे येऊन मिरवत नाही, पण ते थांबलं की गाणं एकदम पोकळ वाटू लागतं. त्याच्यातून वायरीने बाहेर येणारा आवाज अगदी क्षीण असतो. तो मी घेतो, त्याला बळ देतो, जाड-बारीक करतो आणि पुढे पाठवतो. तो लोकांच्या कानांपर्यंत पोचवायचं काम पुढच्या यंत्राचं. म्हणजे मी एकटा कुचकामी. माझं भलंबुरं पुढच्या गड्यावर अवलंबून, आणि तो गडी कोण असावा हे मला कुणी विचारत नाही.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला त्याच्या जिन्याखालच्या दुकानात बनवलं. पत्रा त्यानेच वाकवला, बटणंही त्यानेच बसवली आणि त्यांच्याखालची अक्षरं बारीक कुंचल्याने स्वतः लिहिली. त्याच्या टेबलावर मी चार महिने पडून होतो. तिथे मी कितीतरी यंत्रं उघडी पाहिली आणि कुणाच्या पोटात काय असतं ते शिकलो. हे शिक्षण मला पुढे फार महागात पडलं. माहीत नसतं तर निदान जळफळाट तरी झाला नसता.

मला नेलं एका लिफ्टवाल्याने. लिफ्ट चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. दिवसभर तो उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत, ग्रीस आणि लोखंडी दोरांमध्ये एकटा असायचा. बोलायला माणूस नाही. संध्याकाळी मात्र तो एका बँडमध्ये बास वाजवायचा. हॉटेलात, क्लबात, कंपन्यांच्या समारंभात. बँडमध्ये सगळे त्याला दादा म्हणायचे. तो बायकोला सांगायचा की दिवसभर मी लिफ्टचा असतो, संध्याकाळी तेवढा माणसांतला होतो. त्याला बँडमधली ती जागा हवी होती. बाकी त्याचं मागणं काही नव्हतं.

पहिली दहा वर्षं माझी चैनीची गेली. तेव्हा पुढचा गडी म्हणजे कपाटाएवढा एक अँप, आवाज मोठा करून ऐकवणारं यंत्र, होता. मी आवाज द्यायचो आणि तो जमीन हलवायचा. बँडचे मास्तर कीबोर्ड वाजवायचे. ते कौतुकाच्या बाबतीत भारी कंजूष, पण त्यांनीही एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं की दादा आहे म्हणून मी निर्धास्त वाजवतो. त्या दिवशी दादाने घरी येऊन मला फडक्याने पुसलं. मावशींचा डागही निघतो का ते घासून पाहिलं.

मग दादाची कंबर गेली. तालमीची खोली टायरच्या दुकानावर, चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. गावभरच्या लिफ्टा नीट करणारा माणूस कपाटाएवढा अँप खांद्यावर घेऊन जिना चढतोय म्हणून ड्रमवाला ढब्बू खो खो हसायचा. शेवटी डॉक्टरांनी ओझं बंद केलं. अँप विकला आणि त्याच्या जागी एक पॉवर्ड स्पीकर आला. पॉवर्ड म्हणजे ज्याचा अँप त्याच्याच पोटात असतो. त्याला वेगळं काही लागत नाही. बास, मग मी, मग थेट तो. एका हाताने उचलावा इतका हलका. खरं सांगतो, मलाही आनंद झाला होता.

हा स्पीकर बंद पडलेल्या एका सभागृहातून आला होता. तिथे त्याच्यावर फक्त माइक लावून भाषणं व्हायची. त्याच्या पाठीवर, वायर जोडायच्या जागेच्या शेजारी, काळी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर पेनाने लिहिलं होतं, ‘हात लावू नये’.

त्या पट्टीखाली काय आहे ते मला पहिल्याच सुराला कळलं. म्हाताऱ्याच्या टेबलावर तसले खटके मी शंभरदा पाहिले होते. दोन बाजूंचा छोटा खटका असतो. एकीकडे माइक, एकीकडे लाइन. माइकचा आवाज बारीक असतो, म्हणून खटका माइककडे असला की स्पीकर आलेला आवाज आधीच कितीतरी पट वाढवून घेतो. माझ्यासारखा दणकट आवाज देणारा जोडायचा तर खटका लाइनकडे हवा. सभागृहातल्या कुणीतरी तो माइककडे ठेवून वर पट्टी मारली होती. त्यांच्या दृष्टीने ठीकच केलं होतं. पण मी साधं बोलावं आणि समोरच्याला ते कानात किंचाळल्यासारखं ऐकू यावं, अशी आमची गत झाली. स्पीकर घाबरून आवाज दाबायचा. पुढचा लाल दिवा लुकलुकायचा आणि बाहेर यायचा तो फाटका, चपटा, गुरगुरणारा काहीतरी प्रकार, जो ढब्बूच्या ड्रममध्ये कुठल्या कुठे विरून जायचा.

तुम्ही म्हणाल, दादाने पट्टी काढून पाहिली का नाही? इथेच तर सगळं अडलं. लिफ्टच्या कामात एक नियम असतो. माणूस पोकळीत उतरताना वरच्या खटक्यावर पट्टी मारतो आणि लिहितो, हात लावू नये. ती पट्टी ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसऱ्याने काढली तर खाली माणूस असतो. दादाच्या साथीदाराचा पाय असाच गेला होता. कुणीतरी घाईत पट्टी काढून लिफ्ट सुरू केली होती. ढब्बूने एकदा सहज नखाने पट्टीची कड उचलायला घेतली, तर दादाने त्याचा हात झटकला आणि साथीदाराची सगळी हकीकत त्याला ऐकवली. त्यानंतर त्या पट्टीकडे कुणी बघितलंही नाही. दादा चुकला तो हलगर्जीपणाने नव्हे. म्हणून तर मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

मास्तर म्हणू लागले की बास ऐकू येत नाही. दादाने माझं बटण वाढवलं. त्याने स्पीकर जास्तच घाबरला आणि आवाज जास्तच चपटा झाला. मग मास्तर पुन्हा म्हणाले, दादाने पुन्हा वाढवलं. अरे बाबा, उलटं कर, मला खाली आण, असं मी वायरीतून ओरडत होतो. पण वायरीतून फक्त त्याचेच सूर जायचे, माझं काही जायचं नाही. एकदा सामान लावताना कुणाचा तरी पाय लागून माझं बटण बरंच खाली फिरलं. त्या संध्याकाळी पहिलं गाणं इतकं भरदार वाजलं की ढब्बूने चमकून मान वर केली. गाणं संपल्यावर दादाने खाली पाहिलं, बटण खाली गेलेलं दिसलं, आणि त्याने जीभ चावून ते घाईघाईने होतं तिथे नेलं.

स्पीकरवर संशय घेतला नाही असं नाही. बँडच्या गायिकेचा माइक लावून पाहिला. आवाज काचेसारखा स्वच्छ. तो येणारच, खटका माइकचाच होता ना! मग माझ्यावर बालंट आलं. म्हातारा तोवर वारला होता. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, फुंकर मारली आणि हा तर ठणठणीत आहे म्हणून परत केलं. स्पीकर चांगला, डबा चांगला. मग उरला कोण? मास्तरांनी काही वाईट शब्द वापरला नाही. एवढंच म्हणाले, “दादा, बोटांत आता पूर्वीचा जोर राहिला नाही. जरा जोर लाव.”

मित्रांनो, त्याने जोर लावला. ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण प्रत्येक घाव आधी माझ्यात यायचा. तो तारा ओढायचा, आपटायचा. घरी शिलाई मशीनच्या शेजारी बसून दोन-दोन तास सराव करायचा. बायको कपडे शिवायची. मशीन थांबवून ती म्हणायची, अहो पुरे, हात बघा. बोटं सुजायची, मग तो गरम पाण्यात धरायचा आणि पुन्हा बसायचा. आणि तो जितका जोर लावायचा तितका स्पीकर दाबून टाकायचा, त्यामुळे हळू वाजवा की जीव तोडून वाजवा, बाहेर तेच चपटं गुरगुरणं. त्याला वाटायचं अजून जोर हवा. असं एक-दोन नव्हे, नऊ वर्षं चाललं.

आठव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी वळेनाशी झाली. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की सांधे झिजलेत आणि पूर्ववत होणार नाहीत. लिफ्टचं कामही बदलून घ्यावं लागलं. त्याला कार्यालयात तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. त्याने बँडमध्ये काही सांगितलं नाही. गोळी घेऊन तो वर्षभर वाजवत राहिला. पुढच्या वर्षी मास्तरांनी कीबोर्डच्या डाव्या हाताने बास वाजवायला सुरुवात केली. दोन-चार कार्यक्रम दादा तसाच उभा राहिला, वाजवतही होता, पण त्याचं कुणाला काही कळत नव्हतं. मग तालमीचा निरोप येणं बंद झालं. तो तीन आठवडे दर गुरुवारी कपडे करून बसला. चौथ्या गुरुवारी त्याने कपडे केले नाहीत आणि बायकोनेही विचारलं नाही.

काही महिन्यांनी त्याने स्पीकर विकायचं ठरवलं. शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई दुपारच्या बघायला आल्या. स्वतःचा माइक आणला होता, तो लावला, छान वाजला. मग म्हणाल्या की मला शाळेचा कीबोर्डही जोडायचा आहे, याला लाइनचा खटका कुठे आहे? असा खटका असतो हेच दादाला ठाऊक नव्हतं. बाई मागे गेल्या, पट्टी दिसली आणि तो नको म्हणेपर्यंत त्यांनी ती नखाने सोलून काढलीही. खटका लाइनकडे सरकवला. कीबोर्ड तर आणला नव्हता. म्हणाल्या, हा तुमचा डबा जोडून दाखवता का? दादाने खुंटीवरची गिटार काढली, मला जोडलं आणि स्पीकरसमोर खुर्चीत बसला.

त्याने चार सूर वाजवले. कपाटातली भांडी किणकिणली. तो आवाज, त्या एका गाण्याखेरीज, मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता. भरदार, गोल, पायाखालून येणारा. लाल दिवा लागलाच नाही. पाचव्या सुराला त्याचं बोट वळलं नाही. तो तिथेच थांबला.

शिलाई मशीन बंद झालं. बायको दारात येऊन म्हणाली, “अहो, हे तुम्ही वाजवलंत?”

दादा त्या काळ्या पट्टीकडे बघत होता. ती बाईंच्या बोटाला चिकटलेली होती. तो म्हणाला, “लावणाऱ्याला विचारायचं तरी होतं मी.”

बाई बिचाऱ्या ओशाळल्या. राहू द्या, मी दुसरा बघते म्हणाल्या. पण दादाने स्वतः वायर गुंडाळून दिली आणि स्पीकर जिन्यापर्यंत नेऊन दिला.

बायकोला राहवलं नाही. मास्तरांना फोन करा आणि सांगा, तुमच्या बोटांत जोर होता ते त्यांना कळू दे, असं तिने धोशाच लावला. त्याने केला फोन. खटका, पट्टी, सगळं समजावून सांगितलं. मी टेबलावरच होतो, मला पलीकडचं ऐकू आलं. मास्तर प्रेमाने म्हणाले, “अरे दादा, बोटांचं मी कधी बोललो? मला तर काही आठवत नाही. बरा आहेस ना?” दादा म्हणाला, हो, बरा आहे. मग तो बराच वेळ बायकोने कापलेल्या कापडाच्या चिंध्या गोळा करत बसला.

गिटार पुढे कुणीतरी नेली. मला कुणी मागितलं नाही. मी आता मशीनच्या खणात रिळांच्या शेजारी असतो. मला काढा, पुसा, वाजवा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं काम संपलं आहे आणि त्याचंही. एवढीच विनवणी आहे की तुमच्यातल्या कुणाचा आवाज कमी पडत असेल, तर त्याला जोर लाव म्हणण्याआधी उठून एकदा मागच्या बाजूला जाऊन बघा. दादासाठी नऊ वर्षांत कुणी उठलं नाही, आणि मला तर पायच नव्हते.