बॅटरीच्या खोलीतला कोरडा नळ

मी नळ बोलतोय. हात धुण्याचा नव्हे, पाणी पिण्याचा तर नव्हेच. मला दोन तोंडं आहेत आणि दोन्हींतून पाणी वर उसळतं. गोदामात माल उचलणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या ज्या खोलीत चार्ज होतात, तिथे दाराजवळ मी उभा आहे. बॅटरीतलं ऍसिड डोळ्यांत उडालं, तर धावत यायचं ते माझ्याकडे.

चार वर्षं माझी गरज पडली नाही, आणि त्याचा मला आनंदच होता. पण ज्याची गरज पडत नाही, त्याची माणसं खुंटी करतात. माझ्या मानेवर ओले हातमोजे लटकले, जेवणाच्या पिशव्या लटकल्या, एकदा तर छत्रीसुद्धा.

खोलीचा कारभार ताईंकडे. मोठ्या शिस्तीची बाई. अंगठी-घड्याळ काढून आत यायचं, काडी ओढायची नाही, चार्जिंग पुरं झाल्यावरच बॅटरीत पाणी घालायचं. गाडी चालवणारा लंबू त्यांची थट्टा करायचा, "ताई, घरी भावोजी श्वास घेतात तोही तुम्हाला विचारूनच का?"

मग मी गळू लागलो. विजेच्या वायरींजवळ ओली फरशी ताईंना कशी खपणार? त्यांनी माझ्यामागचा कॉक घट्ट बंद केला. "उद्या प्लंबरला बोलावते," म्हणाल्या. उद्या गेला, परवा गेला, तीन आठवडे गेले. फरशी लख्ख कोरडी होती, त्यामुळे कोणाला काही आठवलंच नाही. मला आठवत होतं, पण मी कोणाला सांगणार?

त्या दुपारी लंबूला घाई होती. चार्जिंगला लावण्याआधीच त्याने बॅटरीत काठोकाठ पाणी भरलं. चार्ज होता होता बॅटरी तापली, आतलं पाणी फुगलं आणि झाकणाशी ऍसिड बुडबुडू लागलं. तो वाकला. वाफ धरते म्हणून डोळ्यांवरचा चष्मा त्याने कपाळावर चढवला होता. झाकण दाबायला हात लावला आणि ऍसिड थेट तोंडावर आलं.

चाचपडत तो माझ्यापाशी पोचला. कळ दाबली. माझ्यातून नुसती हवा निघाली. त्याने पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. "पाणी! अरे, पाणी कुठंय?" इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ताई धावत आल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात थांबले नाहीत. बॅटऱ्यांत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन उचलून त्यांनी त्याच्या डोळ्यांवर ओतला. "नळामागचा कॉक उघडा!" मागून आलेल्या एका हमालावर त्या ओरडल्या. दुसरा कोणी सांडलेलं ऍसिड मारायची सोड्याची पावडर घेऊन धावला. "तो फरशीवर टाक! डोळ्यांत फक्त पाणी!"

कॉक फिरला. आधी गढूळ, मग स्वच्छ, मी जिवाच्या आकांताने उसळलो.

"पुरे झालं, ताई. दवाखान्यात न्या मला."

"गाडी बोलावलीय. ती येईपर्यंत इथून हलायचं नाही. डोळे उघड, लंबू. अजून." बोटांनी त्याच्या पापण्या उघड्या धरून त्यांनी वीस मिनिटं त्याला माझ्यावर वाकवून ठेवलं.

उजवा डोळा वाचला. डाव्याला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

दोन महिन्यांनी तो भेटायला आला. ताईंनी त्याला माझ्यासमोरच गाठलं. "कॉक मी बंद केला होता," त्या म्हणाल्या.

लंबूने माझी कळ दाबून पाहिली. "रागवायचंय तुमच्यावर, ताई," तो म्हणाला. "पण हा एक डोळा तुम्हीच वाचवलात. तेच आडवं येतंय."

हल्ली माझ्या मानेवर कोणी काही टांगत नाही. माझी एकच विनंती आहे. तुमच्या कामाच्या जागी माझ्यासारखा कोणी भिंतीशी उभा असेल, तर आज त्याची कळ दाबून बघा. आतून हवा आली, तर तसेच पुढे जाऊ नका.