दीडशहाण्याला वळसा

छकुलीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून मी कामावर पोचले, तर माझी ईमेल पुन्हा परत आलेली. वर तोच शेरा : या नावाचं इथे कोणी नाही.

नाही कसं? माझा नवरा आहे तो! छकुली पोटात होती तेव्हापासून डोंगरावरच्या वेधशाळेत दुर्बीण सांभाळतोय. तिथे टेलिफोन एकच, तोही कॉम्प्युटरला जोडलेला. त्यानं लिहिलं होतं, 'करार आणखी दोन वर्षं वाढवतायत. शुक्रवारी सही. तू काही कळवलं नाहीस तर तुझी हरकत नाही असं धरतो.' आज गुरुवार, आणि माझी हरकत वाटेत कुठेतरी अडकलेली.

पत्ता म्हणजे आम्ही सगळी वाटच लिहितो. आमच्या मशीनवरून ग्रंथालयाच्या, तिथून कारखान्याच्या, तिथून वेधशाळेच्या 'घार' नावाच्या मशीनवर. प्रत्येक मशीन पुढच्याला फोन लावून टपाल सोपवतं. ही वाट कधी चुकली नव्हती.

मी कारखान्यात फोन लावला. तिथल्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात.

"मामा, माझं टपाल तुमच्याकडून पुढे जातं कुठे?"

"परवाच साहेबांनी मशीनमध्ये नवा नकाशा घातलाय. आता तुम्ही लिहिलेली वाट ते बघतच नाही. शेवटच्या मशीनचं नाव बघतं आणि जवळची वाट आपलं आपण काढतं."

"मग जवळची घार कुठली?"

"थांबा हं... बंदरावरच्या गोदामातली. अरेच्चा, घारी दोन आहेत होय?"

"मशीनचं बारसं करताना कोण कोणाला विचारतं, मामा?"

"दीडशहाणं आहे हो! आमच्या जावयासारखं."

"नकाशा काढता येईल?"

"साहेब सोमवारी येतील."

सोमवार. मी टेबलावर डोकं टेकलं. छकुलीची दुधाची वेळ टळली होती, ब्लाउज ओला झाला होता.

मग कारखाना टाळून नवी वाट शोधली. विद्यापीठ, हवामान खातं, आणखी कुठली कुठली मशीनं. द्राविडी प्राणायाम नुसता. आधीच्या ईमेलमध्ये मी फार समजूतदारपणे लिहिलं होतं. तुझं काम मोठं, पण वगैरे. आता तेवढं त्राण नव्हतं. लिहिलं, 'सही करू नकोस. घरी ये. मी दमलेय.'

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं.

'मिळालं. सही केली नाही. पण एवढ्या लांबच्या वाटेनं का गं पाठवलंस?'

मशीन बंद केलं आणि छकुलीला पाजायला घरी निघाले. आल्यावर सांगेन त्याला.